टॉर्क रेंच वाजतो, तरी नट सैल पडतात किंवा आटे जातात: दोष कुठे शोधायचा आणि घरासाठी परवडणारा रेंच कोणता घ्यायचा

तक्रार दोन रूपांत येते. पहिलं रूप: चाकाचे नट टॉर्क रेंचने (ठरवलेल्या पिळाला, म्हणजे टॉर्कला, ‘टक्’ वाजणाऱ्या पान्याने) आवळले, ‘टक्’ झालं, आणि आठवड्याभरात पुन्हा पाना लावला तर त्यातले एक-दोन नट पाव फेरा फिरतात. परत आवळले, परत तेच. दुसरं रूप बरोबर उलटं: ऑइल चेंबरच्या ड्रेन प्लगला (तेल काढायच्या बुचाला) रेंच लावला, आवाजाची वाट पाहत ओढत राहिलं आणि प्लग एकदम हलका फिरायला लागला. म्हणजे ॲल्युमिनियमचे आटे गेले.

दोन्ही वेळा खापर फुटतं ते स्वस्त रेंचवर. कधी कधी दोष खरंच त्याचाच असतो, पण तो यादीत बराच खाली येतो. त्याच्या आधी तपासायच्या गोष्टी अशा: रेंचचा पल्ला (किती ते किती टॉर्क तो मोजतो) कामाला जुळतो का, नट जिथे बसतो ती जागा कशी आहे, आट्यांना तेल लागलंय का, स्केल नीट वाचली का आणि एकक कोणतं धरलं. हे सगळं न तपासता दुप्पट पैशांचा रेंच आणला तर तोही त्याच चुका करणार, फक्त जास्त अचूकपणे.

आवळलेला नट तपासायची नेहमीची पद्धत चुकीची आहे

रेंच ११० न्यूटन-मीटरवर (हे टॉर्कचं एकक) लावायचा, आधीच आवळलेल्या नटावर ठेवायचा, ओढायचं, ‘टक्’ झालं की समाधान मानायचं. यातून एवढंच कळतं की नट फार सैल नाही. तो नट इम्पॅक्ट गनने (टायरवाल्याच्या, ठोके देत आवळणाऱ्या यंत्राने) २०० न्यूटन-मीटरला पिळलेला असेल तरी रेंच ११० ला वाजणारच, नट जागचा हलणारही नाही. आणि नट ९५–१०० ला असेल तरीही अनेकदा वाजतो, कारण थांबलेला नट सुटायला लागणारं घर्षण फिरत्या नटाच्या घर्षणापेक्षा जास्त असतं. टायरच्या दुकानातून आल्यावर घरी ‘चेक’ केलं आणि सगळं ठीक निघालं, या दिलाशाला म्हणूनच फारसा अर्थ नसतो.

खरी तपासणी अशी: नट आणि चाक यांवर मिळून मार्करने एक आडवी रेघ मारा. नट साध्या पान्याने पाव ते अर्धा फेरा सोडवा. मग टॉर्क रेंचने एका सलग, संथ ओढीत ठरलेल्या आकड्याला आवळा. नटावरची रेघ चाकावरच्या रेघेच्या अलीकडेच थांबली, तर आधी तो जास्त पिळलेला होता. पलीकडे गेली, तर कमी होता. एका वेळी एकच नट सोडवायचा, हे सांगायला नकोच.

चाकाचे नट पुन्हा पुन्हा सैल: बहुधा नट फिरलेलाच नसतो

एम १२ चा, म्हणजे १२ मिलिमीटर आट्यांचा, स्टड (हबमधून बाहेर येणारा, नट बसतो तो दांडा) ११० न्यूटन-मीटरला कोरडा आवळला की त्यात साधारण ४६ किलोन्यूटनचा ताण येतो, म्हणजे साडेचार टनांहून जास्त. या ताणाने स्टड लांबतो आणि त्या लांबण्यानेच चाक हबवर (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या तबकडीवर) दाबून धरलं जातं. पण लांबतो किती? पकडीतली लांबी ३० मिलिमीटर धरली तर जेमतेम ०.०८ मिलिमीटर. आता चाक आणि हब यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा, मातीचा थर किंवा नव्या रंगाचा लेप असेल आणि चार दिवसांत तो ०.०४ मिलिमीटर दबला, तर नट एक अंशही न फिरता जवळजवळ निम्मी पकड गेली. पुन्हा पाना लावल्यावर नट फिरतो तो याच कारणाने. पकड पुरेशी कमी झाली की मग नट खरोखरच कंपनाने उलटा फिरायला लागतो.

म्हणून चाक काढल्यावर हबचा सपाट चेहरा आणि चाकाची मागची बाजू तारेच्या ब्रशने घासून धातू दिसेपर्यंत साफ करा. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कची टोपी जिथे हबवर बसते तिथेही तेच. हबच्या मधल्या उंचवट्यावर, म्हणजे चाकाचं मधलं भोक जिथे बसतं तिथे, ग्रीसचा पुसट हात चालतो, त्याने चाक चिकटून बसत नाही. सपाट चेहऱ्यावर आणि स्टडवर मात्र ग्रीस नको.

मग नटाचं बूड पाहा. ते शंकूसारखं असतं, गोलाकार असतं किंवा सपाट वॉशरवालं असतं, आणि चाकातला खड्डा त्याच आकाराचा असावा लागतो. लोखंडी चाकं काढून ॲलॉयची लावली आणि नट जुनेच ठेवले, की शंकूचा नट गोल खड्ड्यात फक्त एका बारीक कड्यावर टेकतो. रेंच त्याही अवस्थेत ठरलेल्या आकड्याला वाजतो, त्याला त्यातलं काही कळत नाही. थोडे किलोमीटर गेले की ते कडं चेपतं आणि पकड सुटते. ओळखायची खूण सोपी आहे: नट काढून चाकाचा खड्डा पाहा. चकाकी पूर्ण पट्टीभर असेल तर ठीक, एकाच बारीक गोल रेघेवर असेल तर नट चुकीचे आहेत. असे नट कितीही नीट आवळा, ही तक्रार संपणार नाही.

आवळायचा क्रमही महत्त्वाचा आहे. गाडी जॅकवर असतानाच सगळे नट हाताने, मग साध्या पान्याने हलकेच टेकवून घ्या, समोरासमोर किंवा पाच नट असतील तर एक सोडून एक. मग टायर जमिनीला टेकून चाक फिरणार नाही इतपत जॅक उतरवा आणि रेंचने दोन टप्प्यांत आवळा: आधी साधारण निम्म्या आकड्याला सगळे, मग पूर्ण आकड्याला सगळे, त्याच क्रमाने. गोल फिरत एकापाठोपाठ एक पूर्ण आवळले तर चाक तिरकं बसतं. अशा चाकात प्रत्येक नट स्वतःपुरता बरोबर असतो, पण पुढचा आवळला की मागचा सैल होतो. डिस्कवर असमान दाब येऊन ब्रेक दाबताना पायाला थरथर जाणवते तीही कित्येकदा इथूनच सुरू होते. चाक नवं असेल, ॲलॉयचं असेल किंवा घासून साफ केलेलं असेल तर ८०–१०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळा. त्या वेळी थोडं फिरलं तर घाबरायचं कारण नाही. त्यानंतरच्या १०० किलोमीटरनंतरही फिरलं तर मात्र हबचा चेहरा आणि नटाचं बूड यांकडे परत जा.

आता तेल. स्टडवर गंज दिसला की तेल किंवा ग्रीस लावायचा मोह होतो. आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण ९० टक्के घर्षणातच जातो, निम्मा नटाच्या बुडाखाली आणि उरलेला बराचसा आट्यांत. ताण देण्याच्या कामी येतो तो दहाएक टक्के. तेलाने घर्षण कमी केलं की त्याच आकड्याला ताण भरमसाट वाढतो. वरच्या उदाहरणात ११० न्यूटन-मीटरलाच ४६ च्या जागी ६५ किलोन्यूटनच्या आसपास. ८.८ या मजबुतीच्या वर्गातल्या एम १२ ची सहनमर्यादा साधारण ५० किलोन्यूटन असते, म्हणजे तसला स्टड कायमचा ताणला जाणार. ताणलेला स्टड पुढच्या खेपेला रेंचला ‘मऊ’ लागतो, आटे ओढल्यासारखे दिसतात आणि एक दिवस तो तुटतो. मॅन्युअलमध्ये तेल लावा असं स्पष्ट लिहिलं असेल तरच लावायचं, एरवी आटे ब्रशने साफ आणि कोरडे.

आटे जातात तेव्हा: पल्ला चुकलेला असतो

घरी गाडीचं काम करणारा बहुतेक वेळा पहिला रेंच चाकांसाठी घेतो, अर्धा इंची (गोटी, म्हणजे सॉकेट, बसते तो चौकोन किंवा ‘ड्राइव्ह’ अर्ध्या इंचाचा), २८ ते २१० न्यूटन-मीटरचा. मग त्याच रेंचने ३० न्यूटन-मीटरचा ड्रेन प्लग आवळायला जातो. इथेच घात होतो.

क्लिक रेंचच्या दांड्यात एक जाड स्प्रिंग असते. मूठ फिरवली की ती दाबली जाते आणि ठरलेल्या जोराला आतला ठोकळा कलंडून दांडा एक-दोन अंश झटक्यात सरकतो. तो झटका म्हणजे ‘टक्’. स्प्रिंग जेमतेम दाबलेली असताना झटका इतका अशक्त असतो की कानाला ऐकू येत नाही आणि हाताला जाणवत नाही. तुम्ही वाट पाहता, रेंच कधीच वाजून गेलेला असतो आणि प्लग पिळला जात असतो. हाताने वापरायच्या टॉर्क रेंचांसाठीचं आयएसओ ६७८९ हे मानकही अचूकतेची हमी कमाल क्षमतेच्या २० टक्क्यांपासून वर धरतं. २१० च्या रेंचसाठी ही हद्द ४२ येते. स्केलवर खाली २८ चा आकडा छापलेला आहे, पण २८ ते ४२ हा भाग शोभेचा समजा.

अचूकतेचा आकडा वाचताना आणखी एक खाच. १० न्यूटन-मीटरहून मोठ्या क्लिक रेंचना हे मानक ±४ टक्के सूट देतं, आणि ती लावलेल्या आकड्याच्या ४ टक्के असते. एखाद्या खोक्यावर ‘पूर्ण स्केलच्या ±४ टक्के’ असं लिहिलं असेल तर २१० च्या रेंचमध्ये ही चूक कुठेही ८.४ न्यूटन-मीटर असू शकते. ११० ला ते ८ टक्क्यांच्या आत बसतं, ४० ला मात्र २१ टक्के होतं. असा रेंच चाकांपलीकडे कामाचा नाही.

म्हणून घेण्याआधी स्वतःच्या गाडीच्या मॅन्युअलमधून आकडे काढा आणि एका कागदावर मांडा. सर्वसाधारण चित्र असं असतं: एम ६ चे बारीक बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटर, स्पार्क प्लग, ॲल्युमिनियम हेडमध्ये, १० मिलिमीटरचा १० ते १२, १२ चा १५ ते २० आणि वॉशरवाला १४ चा २५ ते ३०, ड्रेन प्लग साधारण २५ ते ४०, ब्रेक कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिनांचे बोल्ट बहुधा २५ ते ३५, कॅलिपरचा ब्रॅकेट ८० ते ११०, छोट्या-मध्यम गाड्यांच्या चाकांचे नट १०० ते १२०. ही यादी अंदाजासाठी आहे, आवळताना मॅन्युअलचाच आकडा. पण त्यातून एक गोष्ट लगेच दिसते: कामं दोन घोळक्यांत आहेत, एक ८ ते ४० आणि दुसरा ८० ते १२०. एक रेंच दोन्ही नीट करू शकत नाही. ‘५ ते २१०, सगळं एकातच’ असं कुणी विकत असेल तर तिकडे वळूही नका.

मग घ्यायचा कोणता

फक्त चाकं बदलत असाल तर अर्धा इंची, ४० ते २०० चा साधा क्लिक रेंच पुरे. लांबी ४५ सेंटिमीटरच्या आसपास असू द्या. तेवढ्या लांबीवर ११० न्यूटन-मीटरसाठी साधारण २५ किलोचा जोर लागतो, संथपणे ओढता येतो. ३५ सेंटिमीटरच्या आखूड रेंचला तोच आकडा ३२ किलो मागतो, मग माणूस हिसका देतो आणि हिसक्याने आकडा ओलांडला जातो.

तेल, प्लग, ब्रेक पॅड ही कामंही घरी करत असाल तर दुसरा रेंच तीन सूत ड्राइव्हचा, १० ते ६० न्यूटन-मीटरचा. पैसे एका वेळी एकाचेच असतील आणि चाकं तुम्ही वर्षातून एकदाच काढत असाल, तर हा मधला आधी घ्यावा असं आमचं मत. चाकाचा स्टड बराच अन्याय सोसतो, ॲल्युमिनियमचे आटे एकही सोसत नाहीत. एम ६ साठी या रेंचची खालची हद्द १२ येते, तेव्हा तसली कामं खूप असतील तर दोन सूत ड्राइव्हचा ५ ते २५ चा वेगळा लागतो. एरवी आखूड पाना, दोन बोटांनी धरून.

प्रकारांत सगळ्यात दुर्लक्षित आणि परवडणारा म्हणजे काट्याचा रेंच. एक जाड सळई वाकते, शेजारची बारीक सळई सरळ राहून पट्टीवर आकडा दाखवते. यात स्प्रिंग नाही, खटका नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिला तरी बिघडायला काही नसतं. रिकामा असताना काटा शून्यावर असला की झालं. नसेल तर बारीक सळई हाताने वाकवून शून्यावर आणता येते. डावे आटेही मोजतो. त्याच्या अडचणी खऱ्या आहेत: पट्टीकडे सरळ वरून पाहावं लागतं, तिरकं पाहिलं तर दोन-तीन न्यूटन-मीटरचा फरक सहज पडतो, आणि इंजिनाच्या खोबणीत ते शक्य नसतं. पण चाकांसाठी आणि दुसऱ्या रेंचची शंका फेडण्यासाठी याच्याइतकं भरवशाचं स्वस्त हत्यार नाही. मूठ पिनेवर झुलती असेल तर ती दांड्याला टेकू न देता मध्ये तरंगती ठेवायची, तरच आकडा खरा.

डिजिटल रेंच बरा, पण स्वस्तातल्यांत बॅटरीचं झाकण आणि बटणं आधी जातात. त्याचा खरा फायदा कोन मोजण्यात आहे. ‘४० न्यूटन-मीटर अधिक ९० अंश’ अशा पद्धतीने आवळायचे बोल्ट तुमच्या कामात येत नसतील तर त्यासाठी जास्त पैसे घालू नका. पाना आणि गोटी यांच्यामध्ये बसणारा डिजिटल अडॉप्टरही मिळतो. तो ठीक चालतो, पण उंची वाढवतो आणि अडचणीच्या जागी बसत नाही.

दुकानात हातात घेतल्यावर पाहायचं ते इतकंच: मुठीचं कुलूप लावल्यावर मूठ खरंच फिरत नाही ना, स्केल कोरलेली आहे की नुसती छापलेली (छापलेली ब्रेक क्लीनरच्या पहिल्या फवाऱ्यात जाते), न्यूटन-मीटरची स्केल मुख्य बाजूला आहे की मागे, आणि सोबतच्या चाचणीपत्रकावरचा अनुक्रमांक रेंचवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतो का. पत्रकात सहसा २०, ६० आणि १०० टक्क्यांवरचे आकडे असतात. सगळ्या रेंचना एकच छापील पत्रक देत असतील तर ते रद्दी समजा. रॅचेटचे (एका दिशेने पकडून उलट मोकळं फिरणाऱ्या डोक्याचे) दात ७२ असले तर ५ अंशांत पकड मिळते, २४ असले तर १५ अंश फिरवायला जागा लागते. चाकांना फरक पडत नाही, इंजिनात पडतो. आणि रॅचेट उलटा फिरतो म्हणून रेंच उलट्या दिशेनेही मोजतो असं नाही. बरेचसे स्वस्त क्लिक रेंच फक्त आवळण्याच्या दिशेने मोजतात.

स्केल वाचताना होणारी १४ ची चूक

२८–२१० च्या रेंचवर दांड्याला आडव्या रेघा असतात: २८, ४२, ५६, ७०, ८४, ९८, ११२ अशा, चौदा-चौदाच्या. मुठीच्या कडेवर ० ते १३ चे आकडे. मुठीचा एक पूर्ण फेरा म्हणजे १४ न्यूटन-मीटर. ११० लावायचे असतील तर मूठ ९८ च्या रेघेवर आणून तिचं शून्य उभ्या रेघेशी जुळवायचं आणि मग पुढे १२ पर्यंत फिरवायचं. आता मुठीची कड ११२ च्या रेघेला जवळजवळ भिडलेली दिसते, आणि इथेच डोळा फसतो. ‘११२ वर आहे आणि मुठीवर १२’ असं वाचणारा ११२ अधिक १२ म्हणजे १२४ समजतो आणि एक फेरा मागे घेतो. प्रत्यक्षात लागतात ९६. नियम एकच: मुठीवर शून्याखेरीज कुठलाही आकडा असेल तर मुठीच्या कडेने ओलांडलेली शेवटची रेघच धरायची, कडेपुढे उघडी दिसणारी नाही. आणि आकड्यावर नेहमी खालून वर यायचं. पुढे गेलात तर अर्धा फेरा मागे जाऊन पुन्हा वर या, नाहीतर स्क्रूच्या आट्यांतली ढिलाई आकड्यात येते.

एककाची चूक याहून महाग पडते. १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. ११० न्यूटन-मीटरच्या ऐवजी फूट-पाउंडाच्या स्केलवर ११० लावले तर नटाला १४९ बसतात. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असतं, त्याला ९.८ ने गुणा: १०.५ म्हणजे १०३ न्यूटन-मीटर.

हात कुठे ठेवता यावर आकडा बदलतो

हे बऱ्याच जाणत्यांनाही पटत नाही. पण क्लिक रेंचचा खटका चौकोनी ड्राइव्हवर नसतो, त्यापासून थोडा मागे, डोक्याच्या पिनेपाशी असतो. समजा ही पिन ड्राइव्हपासून ४ सेंटिमीटरवर आहे आणि मुठीचा मध्य ४० सेंटिमीटरवर. रेंच याच अंतरासाठी जुळवलेला असतो. हात ३० सेंटिमीटरवर धरला तर वाजेपर्यंत नटाला जवळपास ४ टक्के जास्त टॉर्क बसतो. उलट, मुठीत पाइप घालून १ मीटरवरून ओढलं तर ६ टक्के कमी. म्हणजे एकट्या हाताच्या जागेने मानकाची सगळी सूट खाऊन टाकली. मुठीवर मधोमध रेघ किंवा खाच असते, मधलं बोट तिथे आणि ओढ दांड्याला काटकोनात. काट्याच्या रेंचलाही हाताच्या जागेचा फरक पडतो, म्हणूनच त्याची झुलती मूठ दांड्याला टेकू द्यायची नाही.

सरळ एक्स्टेन्शनने आकडा बदलत नाही, दुसऱ्या हाताने डोकं आधारून सरळ ठेवलं म्हणजे झालं. बदलतो तो बाजूला निघणाऱ्या जोडपान्याने. ४० सेंटिमीटरच्या रेंचला पुढे सरळ रेषेत ४ सेंटिमीटर जोडले आणि नटाला १०० हवे असतील तर रेंच ९१ वर लावा (१०० गुणिले ४०, भागिले ४४). तेच जोडपानं काटकोनात बसवलं तर हिशोब करायची गरज नाही.

तरीही शंका असेल तर रेंचच तपासा

लागतं काय: व्हाइस (वस्तू घट्ट धरणारा शिकंजा), बादली, पाणी, वजनकाटा आणि टेप. व्हाइसच्या जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून रेंचचा चौकोन पकडा. रेंच आडवा, रॅचेटची मागची बाजू तुमच्याकडे, मूठ उजवीकडे, म्हणजे खाली दाबल्यावर आवळण्याची दिशा मिळते. त्याआधी रेंच वजन करून ठेवा आणि तो बोटावर तोलून त्याचा समतोल बिंदू ड्राइव्हच्या मध्यापासून किती लांब आहे ते मोजा.

उदाहरण: रेंच १.३ किलोचा, समतोल २० सेंटिमीटरवर, मुठीचा मध्य ४२ सेंटिमीटरवर. रेंचचं स्वतःचं वजन १.३ × ९.८१ × ०.२० म्हणजे साधारण २.५ न्यूटन-मीटर देतं. रेंच ८० वर लावला तर बादलीने ७७.५ द्यायचे आहेत. ७७.५ ला ९.८१ × ०.४२ ने भागलं की १८.८ किलो. बादली मुठीच्या मध्यावरच टांगायची. वजन तेच ठेवून बादली पुढेमागे सरकवत बसलात तर वर सांगितलेली हाताच्या जागेची चूक तुमच्या मोजणीत घुसते. बदलायचं ते पाणी. बादली हाताने उचलून धरा, हळूच सोडा, वाजला नाही तर उचला, पाव लिटर घाला, पुन्हा सोडा. धक्क्याने सोडली तर लवकर वाजतो. पहिले तीन-चार ‘टक्’ मोजू नका, पडून राहिलेल्या रेंचच्या आतलं ग्रीस पसरायला तेवढे लागतात. मग पाच वेळा मोजून वजनं लिहा.

±४ टक्क्यांत बसणारा रेंच इथे १८ ते १९.६ किलोच्या दरम्यान वाजेल. पाचही वाचनं जवळजवळ सारखी पण सगळी, समजा, २०.५ च्या आसपास असतील, तर रेंच सुसंगतपणे चुकतो आहे. त्यावर चिठ्ठी लावून फरक धरून वापरता येतो किंवा कॅलिब्रेशनला (आकडे तपासून पुन्हा जुळवायला) देता येतो. वाचनं १७, २०, १८.५, २१ अशी उड्या मारत असतील तर आतला ठोकळा किंवा स्प्रिंग झिजली आहे, आणि स्वस्त रेंचच्या बाबतीत ती दुरुस्त करण्यात हशील नाही. दांड्याच्या टोकाला किंवा बाजूच्या खिडकीत दिसणारा बारीक स्क्रू कॅलिब्रेशनचा असतो, त्याला अंदाजाने हात लावू नका. या चाचणीत दहा टक्क्यांची चूक नक्की पकडली जाते. दोन टक्क्यांची पकडायला व्हाइस आणि बादली अपुरी आहे.

रेंच बिघडवणाऱ्या सवयी

काम झालं की मूठ स्केलच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणा. त्याच्याही खाली, मूठ खुळखुळेपर्यंत नाही, कारण मग आतले भाग जागा सोडतात. दाबलेली स्प्रिंग महिनोन् महिने तशीच राहिली तर ती बसते आणि रेंच कमी टॉर्कला वाजायला लागतो. ज्या रेंचमध्ये स्प्रिंगऐवजी वाकणारी पट्टी असते आणि आकडा छोट्या चाकाने लावतात, त्याला हे करावं लागत नाही. तो थोडा महाग असतो, पण विसराळू माणसाने तोच घ्यावा.

नट सोडवायला टॉर्क रेंच वापरू नका, त्यासाठी लांब दांडा वेगळा ठेवा. गंजलेला नट सुटताना कमाल क्षमतेच्या कितीतरी वर जोर मागतो. ‘टक्’ झाल्यावर खात्रीसाठी आणखी दोनदा वाजवणं हीही तशीच सवय, दर वेळी नट थोडा पुढे जातो. जमिनीवर पडला तर वरच्या चाचणीतून गेल्याशिवाय चाकाला लावू नका. मानकानुसार कॅलिब्रेशन वर्षाला किंवा ५००० वापरांनंतर, जे आधी होईल ते. घरच्या वापरात ५००० कधीच होत नाहीत, तेव्हा वर्षातून एकदा बादली टांगली तरी चालेल.

ड्रेन प्लगबद्दल एक राहिलं. प्लग बरोबर आकड्याला आवळूनही थेंब येत असेल तर आणखी पिळू नका. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वॉशर एकदा दबलं की पुन्हा दबत नाही, दर तेलबदलाला नवं घालायचं असतं. आटे आधीच गेले असतील, म्हणजे प्लग आकड्याला पोचण्याआधीच मऊ लागत असेल, तर मोठ्या मापाचा प्लग ठोकण्याऐवजी त्याच मापाचा थ्रेड इन्सर्ट (भोकात बसवायचे नवे, तयार आटे) बसवून घ्या. भोक पाडताना आणि आटे काढताना कीस चेंबरमध्ये पडू नये म्हणून टॅपच्या (आटे काढायच्या हत्याराच्या) खाचांत घट्ट ग्रीस भरा, आणि शेवटी थोडं स्वस्त तेल ओतून प्लग न लावताच वाहू द्या.